धारेची वेळ

गेली एकतीस वर्षं कारकून पहाटे पाचला उठतो आहे, आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही त्याला उठावंसं वाटलेलं नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे. गुडघे कुरकुरतात. डाव्या हाताची दोन बोटं सकाळी मिटत नाहीत, ती गरम पाण्याच्या तांब्याला धरून आधी सैल करावी लागतात. मग बादली, मग चरवी, मग कास पुसायचं फडकं. गोठ्यात जाऊन उकिडवं बसायचं, कपाळ गाईच्या कुशीला टेकवायचं आणि धार काढायची. संध्याकाळी पुन्हा तेच. गाईला रविवार नसतो, आणि गाईमागं लागलेल्या माणसाला आजारपणाची रजाही नसते.

माणूस मूळचा हाडाचा कारकून. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत अकरा वर्षं खर्डेघाशी केलेला. साडेबाराला डबा, सव्वासहाला घर. शेत म्हणून त्यानं जे काही पाहिलं होतं ते नकाशावर, गट नंबर घातलेलं. अशा माणसाला मळ्यावर आणून टाकलं ते त्याच्या बायकोनं.

तेव्हा वारंच तसं सुटलं होतं. चांगली शिकलीसवरली, नोकरीतली माणसं शहराला विटली होती आणि जो तो मातीत हात घालायची भाषा करत होता. मास्तर आणि थोरली या नवराबायकोनं शहरापासून पाच तासांवर एक पडीक जमीन मिळवली होती. मास्तर गावोगाव व्याख्यानं देत हिंडायचे. आपलं अन्न आपण पिकवायचं, चूल एक, कष्ट सगळ्यांचे, मालक कुणी नाही. कारकुनाच्या बायकोनं ते व्याख्यान एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा ऐकून घरी आली ती म्हणाली, राजीनामा दे. कारकुनानं दिला. पटलं म्हणून नव्हे हो. तिच्याशी वाद घालायचा तर जो दम लागतो तो त्याच्यापाशी कधीच नव्हता. दोन वर्षांची लेक कडेवर, एक ट्रंक आणि एक टेबलफॅन घेऊन हे बिऱ्हाड मळ्यावर पोचलं. मळ्यावर वीज नव्हती. तो पंखा पुढं कितीतरी वर्षं टोप्या अडकवायला उपयोगी पडला.

सव्वीस माणसं होती त्या वेळी. इंजिनिअर होते, प्राध्यापक होते, एक नाटकातला नट होता, आणि शेतीतलं कुणालाही ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी चार दिवस उन्हात राबून कांदा खुरपला. रोपं उपटून बांधावर टाकली आणि गवत जपलं. शेजारच्या शेतातला म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत होता, त्याला शेवटी हसून हसून खाली बसावं लागलं. पण माणसं दिलदार होती, हे म्हटलं पाहिजे. हातांना फोड आले तरी गाणी म्हणत होती, आणि बटाट्याचा पातळ रस्सा असा वाढत होती की जसं काही पक्वान्न.

आता मळ्याचे कायदे. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

पहिला कायदा, सगळी कामं सगळ्यांनी आळीपाळीनं करायची. 'मला हे जास्त चांगलं येतं' असं म्हणणं म्हणजे शहरी दुखणं. स्वयंपाकघराबाहेर एक फळा लावला होता, त्यावर खडूनं रोजच्या पाळ्या लिहायच्या. पहिल्या आठवड्यात नट सकाळी सगळ्यांसमोर हात वर करून, 'आज माझी पाळी आहे,' असं खणखणीत आवाजात म्हणाला, आणि बायकांनी हसून हसून चूल विझवली. तरी शब्द तोच राहिला.

दुसरा, मतदान करायचं नाही. रोज बैठक. तिथं विषय मांडायचा, सगळ्यांनी बोलायचं, आणि शेवटी थोरलीनं विचारायचं, 'कुणाची हरकत?' हरकत नसली की ठरलं. एकाची जरी असली तरी राहिलं. आणि जो बैठकीला हजर नसेल त्याची संमती गृहीत धरायची नाही, तो येईपर्यंत विषय थांबवायचा. काय न्याय! या न्यायानं पुढं कारकुनाची जी वाट लावली, तशी एखाद्या अन्यायानं लावली नसती.

तिसरा कायदा सगळ्यांत अवघड. 'च' वापरायचा नाही. मास्तरांचं म्हणणं असं, की भाषेतली सगळी दांडगाई त्या एका अक्षरात येऊन बसते. 'हे करच.' 'मलाच पाहिजे.' 'असंच झालं पाहिजे.' ते अक्षर काढलं की कुणी कुणावर दडपण आणू शकत नाही. जेवताना कुणाच्या तोंडून 'मला कोपऱ्यातलीच जागा हवी' असं निसटलं की सगळी पंगत एका सुरात 'च!' म्हणून ओरडायची. पोरं तर टपून बसलेली असायची. आज कुणी सांगितलं तर आपण हसू, पण त्या माणसांनी ते मनापासून पाळलं. चार वाक्यं 'च' टाळून बोलून बघा, म्हणजे कळेल. माणूस अगदी मऊ होतो. इतका मऊ होतो, की त्याला नेमकं काय हवंय ते त्याच्या शेजाऱ्यालाही कळत नाही.

गाई आल्या दुसऱ्या वर्षी, सात. फळ्यावर धारेची पाळी लागली. इंजिनिअरनं धार काढताना गाईला कारणं समजावून सांगितली, तिनं बादली लाथाडली. नटानं गाणं म्हटलं. प्राध्यापकबाईंनी अर्धं दूध कासेत तसंच ठेवलं आणि दोन गाईंची कास दगडासारखी झाली. जनावरांचा डॉक्टर येऊन सगळ्यांना वाट्टेल ते बोलून गेला. मग कारकुनाची पाळी आली. त्याला बोलायला काही सुचत नव्हतं म्हणून तो गप्प बसला, आणि गाईनं पान्हा सोडला.

झालं. दुसऱ्या दिवशी ज्याची पाळी होती तो म्हणाला, आजच्या दिवस बघतोस का रे, माझं अंग मोडून आलंय. तिसऱ्या दिवशी तिसरा. नाही म्हणायची कारकुनाला सवय नव्हती. महिन्याभरात धार त्याच्या गळ्यात पडली ती पडलीच. पण काम एकाकडे देणं म्हणजे कायदा मोडणं, म्हणून फळ्यावर मात्र रोज नवं नाव लागत राहिलं. फळ्याच्या हिशेबानं बघाल तर कारकून सव्वीस दिवसांतून एकदा गोठ्यात गेला.

बायकोला हे दिसत नव्हतं असं नाही. सात वर्षांनी तिचा उत्साह ओसरला. तिच्या कमरेचं दुखणं वाढलं, लेकीच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला. ती कारकुनाला म्हणाली, आम्ही जातो शहरात, तुला यायचं असेल तर ये. कारकून म्हणाला, तांबडी गाभण आहे, एवढं वेत होऊ दे. ते वेत झालं. मग दुसरी गाभण राहिली. सात गाई असल्यावर कुणीतरी विणार असतं किंवा नुकतीच व्यालेली असते. तो जाईन जाईन म्हणत राहिला, आणि बायकोही जोर करून 'चल' म्हणाली नाही. ती त्या मळ्याची, तिच्याही तोंडी ते अक्षर राहिलेलं नव्हतं. आधी महिन्याला पत्र यायचं, मग सणावाराला, मग लेकीच्या निकालाचं तेवढं. चार वर्षांपूर्वी बायको गेली. कारकून सकाळची धार काढून निघाला, मसणवटीत उभा राहिला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शेवटच्या बसनं परत आला. गाई दोन तास खोळंबल्या होत्या, हंबरत होत्या.

आणि लेकीच्या लग्नाला तर तो गेलाच नाही. ते सहा वर्षांपूर्वीचं. तिनं पत्रात लिहिलं होतं, 'बाबा, जमलं तर ये.' त्यानं कपडे धुऊन ठेवले होते, मळ्यावरच्या सुतारानं त्याच्या चपलेला खिळा मारून दिला होता. आदल्या दिवशी सकाळपासून कपिला गाय अडली. वासरू आडवं आलं होतं. डॉक्टरला निरोप गेला, डॉक्टर आला, रात्री वासरू मोकळं झालं. त्या वेळी तीन गाई उरल्या होत्या. व्यालेलीला टाकून, बाकी दोघींची धार कुणावर सोपवून जायचं? कुणाला विचारायचं? सुताराचा हात दुखरा. थोरलीचं वय झालेलं. त्यानं धुतलेले कपडे ट्रंकेत परत ठेवले. लेकीला कळवलं की जमलं नाही. तिचं उत्तर आलं, 'समजू शकते.' बास, दोनच शब्द.

हळूहळू मळाही ओसरला होता. मास्तर वारले. कुणी परदेशी गेलं, कुणी आजारपणाला कंटाळून मुलांकडे गेलं. उरली पाच माणसं. थोरली, आता चौऱ्याऐंशीची. सुतार, म्हणजे तोच तो गाईला समजावणारा इंजिनिअर, ज्यानं पुढं लाकूडकाम धरलं. कुंभारीण. बियाणेवाला, जो जुन्या बियांच्या बरण्या भरत बसायचा. आणि कारकून. गाय एक. तरी फळा रोज लिहिला जात होता आणि बैठक रोज होत होती. बैठक आधी दुपारी असायची, पण उन्हाचा त्रास होतो म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वी ती दिवेलागणीला आणली, नेमकी धारेच्या वेळेला. कारकुनाच्या ते पथ्यावर पडलं. नाही तरी त्याला बैठका नकोशा व्हायच्या, एका फाटकाला कुठला रंग द्यावा यावर तीन-तीन संध्याकाळी जायच्या. त्यापेक्षा गाय परवडली, असं त्याला वाटायचं. कुणीतरी रिकामी चरवी घेऊन येताना काय ठरलं ते सांगायचं, हा मान डोलवायचा, ती त्याची संमती.

शनिवारी लेकीचं पत्र आलं. मळ्यावर फोन एकच, तोही थोरलीच्या खोलीत, सगळ्यांच्या साक्षीनं बोलायचा, म्हणून लेक पत्रंच लिहायची. पोटात गाठ निघाली आहे, गुरुवारी सकाळी ऑपरेशन. नवरा बोटीवर, महिनाभर उतरता येत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. गाठ कसली आहे ते कापल्यावर कळेल. आणि खाली, शेवटच्या ओळीत, 'बाबा, तू येच.'

कारकून गोठ्यात बसून ते पत्र वाचत होता. ती ओळ त्यानं पुन्हा वाचली. नऊ वर्षांची होईपर्यंत मळ्यावर वाढलेली पोर, शहरात जाऊनही तिच्या लिहिण्याबोलण्यातून ते अक्षर गेलेलंच होतं. वाढदिवसाला बोलवताना 'वेळ असेल तर', लग्नाला बोलवताना 'जमलं तर'. तिनं आता हे असं लिहिलं होतं. पोरगी घाबरली आहे, हे त्याला गाठीच्या चार ओळींवरून कळलं नव्हतं, ते या एका अक्षरावरून कळलं. जायचं, असं त्यानं तिथंच ठरवलं. पंधरा दिवस तरी जायचं. काय बोलायचं याची जुळवाजुळव करण्यात त्याचे दोन दिवस गेले, आणि मंगळवारी, कितीतरी वर्षांनी, तो बैठकीला जायला निघाला. त्यासाठी धार तासभर आधी काढली. गाय बिचकली, अर्धा पान्हा चोरला तिनं.

बैठकीची खोली तशीच होती, सतरंजी तेवढी विरलेली. तो दारात दिसल्यावर चौघं बोलायची थांबली. सुतारानं सरकून जागा दिली. कारकुनानं मान खाली घालून सांगितलं की लेकीचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस लागतील, तेवढ्या दिवसांत धारेचं काय करता येईल.

सुतारानं कुंभारणीकडे बघितलं, कुंभारणीनं थोरलीकडे. थोरलीनं चष्मा लावला, बैठकीची वही उघडली, आणि पुढं लिहायच्या ऐवजी मागं मागं पानं उलटत गेली. मग दुसरी वही मागवली, जुनी. त्यातलं एक पान काढून तिनं वाचून दाखवलं. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. विषय, गाई ठेवाव्यात का. हजर असलेल्या सगळ्यांचं म्हणणं, नकोत. कारकून गैरहजर, धारेला गेला आहे. विषय पुढच्या बैठकीला.

पुढच्या पानावर पुन्हा. विषय, गाई. कारकून गैरहजर, धारेला गेला आहे. विषय पुढच्या बैठकीला. थोरली पान उलटत होती आणि वाचत होती. सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला, मग वर्षातून दोनदा. नऊ वर्षं ते घोंगडं भिजत पडलं होतं, आणि ते का भिजत पडलंय हे ज्याला माहीत नव्हतं असा माणूस मळ्यावर एकच होता.

कारकुनाला आधी काही कळेना. मग त्यानं विचारलं, दूध पितं कोण?

तर कुणी नाही. सुताराला दूध सोसत नव्हतं, पोट बिघडायचं. बियाणेवाल्यानं वासराच्या तोंडचं काढून घ्यायचं नाही म्हणून सोडलं होतं. थोरलीला डॉक्टरनं बंद केलं होतं. कुंभारीण कोरा चहा प्यायची. मग रोजच्या त्या चरव्यांचं काय व्हायचं, तर भोपळ्याच्या पानांवर भुरी पडू नये म्हणून दुधात पाणी घालून ते फवारायचे. उरलेलं खताच्या खड्ड्यात. भोपळे फार छान येतात, असं कुंभारीण हळू आवाजात म्हणाली.

"मला सांगितलं का नाही?" कारकुनानं विचारलं.

थोरलीनं चष्मा काढला. "तुझा जीव होता रे त्यांच्यात," ती म्हणाली. "बायको गेली, लेक गेली, तरी तू गाईंसाठी थांबलास. हे बघून आम्ही कुठल्या तोंडानं सांगणार होतो? दडपण आलं असतं तुझ्यावर."

"मला वाटलं, तुम्हाला दूध लागतं," कारकून म्हणाला.

बियाणेवाला सतरंजीचा दोरा ओढत होता. मग थोरलीनं, रीतच ती, वही मांडीवर घेतली आणि विचारलं, कुणाची हरकत? चौघांनी कारकुनाकडे बघितलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. दोन मिनिटांत ठरलं. गाय शेजारच्या गावच्या गवळ्याला द्यायची.

बुधवारी सकाळची धार कारकुनानंच काढली. आठला गवळी आला, गाईच्या गळ्यात दावं अडकवलं, आणि ती त्याच्या मागं चालू लागली. मागं वळून वगैरे काही बघितलं नाही तिनं, जनावर ते. कारकून फाटकाशी उभा राहिला. त्याला वाईट वाटेल असं सगळ्यांना वाटत होतं. कुंभारीण तर पाणी घेऊन आली होती. पण त्याला वाईट वाटलं नव्हतं, राग आला होता. असा राग त्याला जन्मात आला नव्हता, आणि तो काढावा कुणावर तेच कळेना. थोरलीवर काढायचा तर ती चौऱ्याऐंशीची. मास्तर मेलेले. गाईचा तर काही दोषच नव्हता. शेवटी त्यानं फळ्यावरची धारेची ओळ हातानं पुसली, पिशवी उचलली आणि नऊची बस पकडली.

बसमध्ये पाच तास तो एकाच गोष्टीचा विचार करत होता. लेकीला यातलं काही सांगायचं नाही. पोरगी उद्या टेबलावर जाणार, तिच्या डोक्यात हे कशाला घालायचं? आणि खरं तर तेवढंच नव्हतं. जिच्यासाठी आपण लेकीच्या लग्नाला गेलो नाही ती गाय कुणालाही नको होती, हे तो कुठल्या शब्दांत सांगणार होता? त्यानं ठरवलं, विचारलंच तर म्हणायचं की पाळी लावली आहे, सगळे मिळून बघताहेत.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आठ खाटांची खोली होती. लेक भिंतीजवळच्या खाटेवर बसून कसलासा फॉर्म भरत होती. वाळली होती. तोंडावर आईची कळा आली होती. बाबाला बघून ती पटकन उठायला गेली आणि पोट धरून बसली. मग हसली. शेजारच्या खाटेवर एक थोराड बाई होत्या, त्यांना तिनं सांगितलं, "हा माझा बाबा. याच्यावर अख्ख्या मळ्याचं दूध चालतं. पंचवीस माणसं आहेत तिथं. माझ्या लग्नाला पण येता आलं नव्हतं त्याला." बाई म्हणाल्या, अशी माणसं आता राहिली नाहीत हो. लेकीच्या मनातला मळा अजून तिच्या लहानपणीचाच होता. कारकुनाला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. त्यानं पिशवीतून मोसंबी काढली आणि ती कुठं ठेवावीत ते शोधत बसला.

संध्याकाळी सहाच्या सुमारास बाई फिरायला म्हणून व्हरांड्यात गेल्या. लेकीनं विचारलं, आत्ता धारेची वेळ ना, आज कोण काढतंय?

"पाळी लावलीय," कारकून म्हणाला. "सगळे आळीपाळीनं करताहेत."

ती मोसंबं सोलत होती, ते थांबलं.

"म्हणजे लावता येते पाळी," ती म्हणाली. "मग माझ्या लग्नाला का नाही लागली?"

आता काय सांगायचं? माणसानं खोटं बोलायचं ठरवलं तर निदान ते पुढपर्यंत बघून बोलावं, पण या गड्याला आयुष्यात सवय कुठं होती? कारकून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. मग त्यानं सगळं सांगितलं. वह्या सांगितल्या, नऊ वर्षं सांगितली, सुताराचं पोट, थोरलीचा डॉक्टर, भोपळे, सगळं. सांगताना त्याचा आवाज चढला नाही, कचेरीत नोंद वाचून दाखवावी तसं तो सांगत गेला. गाय सकाळी गेली, तेही सांगितलं.

सगळं ऐकून झाल्यावर लेक म्हणाली, "तू तेव्हा विचारलं असतंस तर?"

"तर दोन मिनिटांत ठरलं असतं."

"मग का नाही विचारलंस?"

दडपण नको म्हणून, सुताराचा हात दुखरा होता म्हणून, असं काहीबाही त्याच्या ओठांवर आलं होतं. पण फार थकला होता तो, आणि थकलेल्या माणसाला सबबी जुळवता येत नाहीत.

"भीती वाटली," तो म्हणाला. "विचारलं असतं, आणि ते म्हणाले असते, जा, आमचं काही अडत नाही. मग मी कुणाला लागत होतो?"

लेकीचा चेहरा असा झाला की कारकुनाला तो बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला. मला लागत होतास. कार्यालयाच्या दारात उभी होते मी, दर बसला माणूस पाठवत होते स्टँडवर. मग सगळ्यांना सांगितलं, माझ्या बाबावर पंचवीस माणसांचं दूध आहे, तो नाही येऊ शकत. मोठ्या तोऱ्यात सांगितलं. नवऱ्याला, सासूला, आत्ता त्या बाईंना. सहा वर्षं सांगतेय. आता काय सांगू लोकांना?"

"खरं सांग," कारकून म्हणाला. "बाबानं विचारलं नाही, म्हणून आला नाही."

व्हरांड्यातून बाई परत आल्या. त्यांनी दोघांकडे बघितलं, आणि आपल्या खाटेवर पलीकडे तोंड करून आडव्या झाल्या. लेक रडत होती. रागही आला असणार तिला, कारण तिनं वळून बघितलं नाही. पण थोड्या वेळानं तिनं पाय आखडून घेतले आणि खाटेच्या कडेला जागा केली. कारकून त्या जागेवर बसला.